हात बाजूला ठेवा

१

पोटाचा एक्स-रे म्हटलं की लोक उगाच घाबरतात. छातीच्या एक्स-रेला कुणी घाबरत नाही, पण पोट म्हटलं की चेहरे उतरतात. मग मी माझं ठरलेलं बोलणं सुरू करते. टोचणार नाही, दुखणार नाही, कुठल्या बोगद्यात घालणार नाही. अंगावर धातूचं काही ठेवायचं नाही. पट्टा, किल्ल्या, खिशातली नाणी, सगळं या ट्रेमध्ये. हा झगा घालायचा, नाड्या मागे येऊ द्यायच्या. बाई असेल तर विचारायचं, दिवस गेलेत का? मग टेबलावर उताणं झोपायचं. टेबल गार लागेल, त्याला इलाज नाही. हात बाजूला. मी काचेमागून माइकवर सांगेन, श्वास घ्या, सोडा, आता तसेच थांबा. खट् असा आवाज येईल आणि झालं. उभ्याने अजून एखादा काढावा लागतो, तोही असाच.

आमचा अटेंडंट व्हीलचेअर ढकलत पेशंट आणून सोडतो. सगळे त्याला पोपट म्हणतात. तो म्हणतो, "ताई, तुमचं हे भाषण टेप करून लावा. तुमचाही घसा वाचेल, माझेही कान वाचतील." पोपटाने बोलण्यावरून दुसऱ्याला नावं ठेवायची म्हणजे कमालच आहे. पण तो सकाळी आला की तळघरातली आमची खोली जरा माणसात येते.

त्या दिवशी तो काही न बोलता आला. व्हीलचेअरमध्ये माझे वडील होते.

"काल जेवण गेलं नाही म्हणे," पोपट हळू आवाजात म्हणाला. "वर डॉक्टरांनी पोटाचा फोटो सांगितलाय. म्हटलं, ताईंकडेच नेतो."

"अप्पा, फोन नाही का करायचा?"

"तू कामात असतेस," अप्पा म्हणाले. त्यांचं पोट शर्टाची बटणं ताणून पुढे आलं होतं आणि चेहरा मात्र ओढला होता. आई गेल्यापासून ते एकटेच राहत होते. माझ्याकडे या म्हटलं की म्हणायचे, बघू. बघू म्हणजे नाही, हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत होतं.

२

अप्पांनी जन्मभर लांब पल्ल्याची बस चालवली. जेवणाची वेळ नाही, झोपेची नाही, त्यामुळे पोट कायमचं बिघडलेलं. घरी आले की चटईवर आडवे व्हायचे आणि आई शेजारी बसून त्यांच्या पोटावरून हात फिरवायची. टीव्ही बघता बघता, माझा अभ्यास घेता घेता, तिचा हात आपला गोल गोल फिरत असायचा. लहानपणी मला वाटायचं, सगळ्यांच्या घरी वडिलांचं पोट असंच रोज आवरून ठेवावं लागतं.

झगा घालून अप्पा टेबलावर झोपले, पण अगदी उजव्या कडेला. डावीकडचं अर्धं टेबल रिकामं.

"मधे या ना अप्पा. पडाल."

"हो, हो," ते म्हणाले, पण हलले नाहीत.

मी खांद्याला धरून त्यांना मधे ओढलं. त्यांनी एकदा डावीकडे पाहिलं, जणू कुणाला अडचण तर होत नाही ना. "सवय गं," ते म्हणाले.

पोटाचा फोटो नीट मधे यावा म्हणून कमरेची हाडं हाताने चाचपावी लागतात. चाचपताना माझा तळवा त्यांच्या पोटावर टेकला. पोट ढोलासारखं ताठ होतं आणि ऊन लागत होतं, त्यांना कणकण असावी. पण बेंबीच्या डावीकडे एक जागा गार होती. नुसती गार नाही, टेबलाच्या पत्र्यासारखी गार. एवढीशीच, तळव्याएवढी.

मी हात उचलला, परत ठेवला. जागा गारच होती.

एसी थेट त्यांच्यावर येत होता. मी त्याची पाती वळवली आणि काचेमागे गेले.

"श्वास घ्या. सोडा. आता तसेच थांबा."

खट्.

टेबलाखालची कॅसेट, म्हणजे ज्यावर फोटो उमटतो ती चपटी पाटी, मशीनमध्ये घातली. चित्र वरून खाली हळूहळू उलगडत आलं. बरगड्यांची टोकं आली, मणके आले, आणि आतड्यांत साठलेल्या वायूचे काळे फुगे. त्या फुग्यांच्या वर एका हाताची हाडं होती. बोटं नीट पसरलेली, तळवा पोटावर टेकलेला.

३

हे रोज होतं. पेशंटचं पोट दुखत असतं, हात आपोआप तिथे जातो. पोपटाने माझ्या मागून पडद्यावर डोकावून पाहिलं आणि म्हणाला, "घ्या. घरच्या माणसानेही ऐकलं नाही तुमचं भाषण."

मी आत गेले. "अप्पा, हात पोटावर ठेवू नका. टेबलाच्या कडा धरा घट्ट."

"नव्हता ठेवला गं."

"ठेवला होता. दिसतोय फोटोत."

त्यांनी दोन्ही हातांनी टेबलाच्या कडा धरल्या. मी दुसरी कॅसेट घेतली. काचेमागून या वेळी मी पडद्याकडे पाहिलंच नाही, त्यांच्याकडेच पाहत राहिले. उजवा हात कडेवर. डावा हात कडेवर. बोटांची पेरं आवळून पांढरी झालेली.

खट्.

हात होताच. मघापेक्षा थोडा खाली सरकलेला.

मी डोकं शांत ठेवायचा प्रयत्न केला. आमच्या कॅसेट जुन्या आहेत. कधीकधी नीट पुसल्या जात नाहीत आणि आधीच्या पेशंटची सावली नव्या फोटोत राहते. असं होतं, मी स्वतः पाहिलंय. पण हात काढायच्या कॅसेट लहान असतात आणि या मोठ्या होत्या. शिवाय सावली पुसट असते. ही हाडं अप्पांच्या मणक्यांइतकीच ठळक होती. आणि सावली दोन वेगळ्या कॅसेटमध्ये जागा बदलत नाही.

मग मी दिशा पाहिली. माणूस स्वतःच्या पोटावर हात ठेवतो तेव्हा कोपर त्याच्याच कुशीशी असतं आणि हाताची हाडं वरून, बरगड्यांकडून तिरकी खाली येतात. ही डाव्या बाजूने सरळ आडवी आली होती. मनगट, त्यापुढे हाताच्या दोन हाडांचा थोडासा भाग, आणि तिथे फोटोची कड. शेजारी झोपलेल्या माणसाचा हात असा येतो.

मी चित्र मोठं केलं. का केलं, ते मला सांगता येणार नाही. पहिल्या बोटाच्या टोकाशी, हाडाला चिकटून, एक पांढरा ठिपका होता. लखलखीत पांढरा आणि टोकदार. धातूच एवढा पांढरा दिसतो.

आई पडदे आणि उशांचे अभ्रे शिवायची. एकदा मशीनची सुई तिच्या बोटातून आरपार गेली आणि टोक आतच मोडलं. मी तेव्हा नोकरीला नवीन होते. तिच्या हाताचा फोटो मीच काढला होता. डॉक्टर म्हणाले, काढायला गेलो तर बोट जास्त खराब होईल, राहू द्या आत. आईला फार मजा वाटली होती. घरी येणाऱ्या प्रत्येकाला ती बोट दाखवून सांगायची, माझ्या लेकीने माझ्या आतली सुई शोधली.

ते बोट मी कुठेही ओळखलं असतं.

"झालं का गं?" आतून अप्पांनी विचारलं.

४

उभ्याने फोटो काढायचाच होता. आतडं अडलं असेल तर आतलं पाणी खाली बसतं आणि वायू वर राहतो, ते उभ्यानेच कळतं. पोपटाने अप्पांना धरून स्टँडपाशी उभं केलं. त्यांचे पाय थरथरत होते.

फोटो किती भागाचा येणार ते प्रकाशाच्या एका चौकोनाने ठरतं. बाजूची चकती फिरवली की तो मोठा होतो, लहान होतो. चौकोन अप्पांच्या झग्यावर पडला होता आणि माझा हात चकतीवर होता. जरा फिरवली असती तर डावीकडे वीतभर जागा अजून आली असती. मनगटापुढचं कोपर आलं असतं. कोपराच्या पुढचंही काही आलं असतं.

मी चकती उलटी फिरवली. चौकोन होता त्याहून लहान केला.

"ताई, एवढं कशाला कापताय? बाजू येणार नाही," पोपट म्हणाला.

"पुरेल."

फोटो आला. वायूचे काळे कमानदार कप्पे पायऱ्यांसारखे एकावर एक चढत गेले होते. आतडं अडलं होतं, यात शंका नव्हती. ते वाचायला मला डॉक्टरची गरज नव्हती, आणि तरीही माझी नजर तिथे ठरत नव्हती. हात आता पाठीमागून कमरेला वेढा घालून पुढे आला होता. आणि बोटं पसरलेली राहिली नव्हती. ती वाकली होती, पोटात रुतल्यासारखी, जिथे ते कप्पे सगळ्यात जास्त फुगले होते बरोबर तिथे.

सर्जन खाली आले ते घाईतच होते. पडद्यासमोर उभ्याउभ्याच म्हणाले, "आतड्याला पीळ बसलाय. आज उघडावं लागेल, लगेच." मग भुवया उंचावल्या. "हा हात कुणाचा? पेशंटला धरून ठेवायची वेळ आली होती का?"

"हो," मी म्हणाले. "उभं राहवत नव्हतं त्यांना."

"धरणाऱ्याला शिशाचा हातमोजा द्यायचा ना. तुम्हाला मी काय सांगायचं?"

पोपटाने माझ्याकडे पाहिलं. फोटो काढताना तो माझ्याशेजारी काचेमागे उभा होता. त्या दिवशी तो त्यानंतर फारसं बोललाच नाही.

५

वरच्या वॉर्डात सर्जनने अप्पांना सगळं समजावून सांगितलं. अप्पांनी नीट ऐकून घेतलं आणि म्हणाले, "नको."

"काका, नको म्हणून चालणार नाही."

"दुखत नाही आता. मघाशी दुखत होतं, आता थांबलं."

सर्जन मला बाहेर घेऊन गेले. "दुखणं थांबलंय हेच मला आवडलेलं नाही," ते म्हणाले. "रक्त पोचत नसलं की आतडं मरायला लागतं. मेलेला भाग दुखत नाही. त्यांची समजूत काढा. फार वेळ नाही आपल्याकडे."

मी परत येऊन पलंगावर बसले. अप्पा उजव्या कडेला सरकलेले. डावीकडची चादर सपाट होती, तिच्यावर काहीही नव्हतं. मी मुद्दाम उजवीकडे बसले.

"अप्पा, ऐका माझं."

"तुला दिसली ना?" ते म्हणाले.

मी चादरीची कड सारखी करायला लागले.

"तू फोटो पाहताना तुझा चेहरा पाहिला मी काचेतून. म्हटलं, हिला दिसली." त्यांचा आवाज आनंदी होता. एवढ्या महिन्यांत मी तो तसा ऐकला नव्हता. "मला वाटायचं, मला भास होतात. म्हातारा झालो, एकटा राहतो, होतात भास."

"कधीपासून?"

"पोट दुखायला लागलं तेव्हापासून. दुखलं की येते. हात फिरवते. गार असतो गं हात, पण बरं वाटतं."

मग त्यांनी मला जे सांगितलं ते आधी कुणालाच सांगितलं नव्हतं. आई गेली त्या सकाळी त्यांना जाग आली तेव्हा तिचा हात त्यांच्या पोटावर होता. गार लागला. त्यांना वाटलं, पांघरूण निघालंय हिचं. हललो तर उठेल, म्हणून ते हललेच नाहीत. ऊन खिडकीतून पलंगावर आलं, दूधवाला बेल वाजवून गेला, तरी ते तसेच पडून राहिले. हिची झोप होऊ दे म्हणून.

"नंतर तुम्ही सगळे आलात आणि तो हात उचलून बाजूला केलात," अप्पा म्हणाले.

मी म्हणाले, "अप्पा, ऑपरेशन केलं नाही तर तुम्ही जाल."

"मग?" ते इतक्या सहज म्हणाले की मला त्यांचा राग आला. त्यांचा आणि तिचाही. मी कुणाची कोण होते त्या दोघांच्या मधे?

६

मी सर्जनना म्हणाले की एक फोटो परत काढावा लागेल, बाजू कापली गेली. ते खरंही होतं. पोपटाने अप्पांना खाली आणलं, टेबलावर चादर घालून झोपवलं आणि मी न सांगताच बाहेर जाऊन दार ओढून घेतलं. अप्पांना ग्लानी आली होती. डोळे अर्धे मिटलेले होते, ओठ सुकलेले. हात दोन्ही बाजूला, सैल पडलेले.

मी काचेमागे गेले. माइकचं बटण दाबलं. आणि श्वास घ्या असं म्हणायच्या ऐवजी म्हणाले, "आई."

माझाच आवाज आतल्या स्पीकरवर मला उलटा ऐकू आला. शहाण्या बाईने असं करावं? मी स्वतःला विचारलं, आणि बोलत राहिले.

"आई, मी आहे. तू त्यांना बरं वाटावं म्हणून करतेस, कळतंय मला. पण त्याने ते मरतील गं. त्यांना दुखू दे. दुखलं तरच ते हो म्हणतील. हात काढ, आई."

आत काहीच झालं नाही. यंत्राची घरघर तेवढी चालू होती. प्रकाशाचा चौकोन अप्पांच्या पोटावर पडला होता. झगा पोटावर ताणून बसलेला होता. त्या ताणलेल्या कापडावर, बेंबीच्या डावीकडे, चार-पाच खळगे होते. उशीवर कुणी बोटं रोवून ठेवावीत तसे. चौकोनाच्या उजेडात त्यांच्या सावल्यासुद्धा स्पष्ट दिसत होत्या.

बटण सुटलं, परत दाबलं.

"तू गेलीस," मी म्हणाले. "तू गेलीस ना? मग आता जा."

खळगे आधी खोल झाले. अजून घट्ट धरल्यासारखे. मग एकेक करून, अगदी सावकाश, कापड वर येत गेलं. करंगळीचा आधी. पहिल्या बोटाचा सगळ्यात शेवटी. झगा सपाट झाला, आणि अप्पांच्या डाव्या बाजूला टेबलावरची चादर, जिला कुणाचाच स्पर्श नव्हता, हलकेच सैल पडली.

मी तोंडावर हात ठेवला. तेवढ्यात अप्पा ओरडले. जन्मात कधी मोठ्याने न बोललेला माणूस, त्यांनी असा आवाज काढला की पोपट दार ढकलून धावत आला. शब्द नव्हता तो. लांबच लांब, वर वर चढत जाणारा आवाज. त्यांनी डावा हात उचलला होता आणि तो हवेत काहीतरी पकडत होता.

फोटो काढला की नाही, मला आठवत नाही. काढला असावा, कारण नंतर तो पडद्यावर होता. मणके, कप्पे, वायू. बाकी काही नाही.

लिफ्टमध्ये सर्जनने विचारलं, "काका, करू ना ऑपरेशन?" अप्पांनी डोळे मिटूनच मान हलवली.

७

अप्पा वाचले. आतड्याचा एक तुकडा काढावा लागला, पण उरलेलं चांगलं निघालं. अजून जरा उशीर झाला असता तर आपण आता हे बोलत नसतो, असं सर्जन म्हणाले. नातेवाईक भेटायला आले ते मलाच शाबासकी देऊन गेले. लेक असावी तर अशी, कोणीतरी म्हणालं. अप्पाही हो म्हणाले.

आता ते माझ्याकडे राहतात. समोर ठेवलेलं खातात, सांगितलं तेवढं चालतात, औषध चुकवत नाहीत. वजन वाढलंय. पलंगाच्या मधोमध झोपतात. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला बरं वाटलं होतं. मग लक्षात आलं, मधे झोपतात म्हणजे काय.

परवा त्यांना तपासणीसाठी घेऊन गेले. फोटो मीच काढला. अगदी साफ आला. सर्जनने पाहून मान डोलावली आणि निघून गेले. मी अप्पांना शर्टाची बटणं लावून देत होते. त्यांना जमतात, पण मी लावते.

"काही दिसलं?" त्यांनी विचारलं.

"नाही अप्पा. सगळं साफ आहे."

"परत आलीच नाही ती."

मी खाली पाहूनच बटण लावत राहिले. मला वाटत होतं, त्यांना त्या दिवसाचं काही आठवत नसेल. ग्लानीत होते ते.

"तू तिला जा म्हणालीस ते मी ऐकलं," ते म्हणाले. रागावून नाही. रागावले असते तर बरं झालं असतं. "तुझं बरोबरच होतं. तुझा एक शब्द ती खाली पडू द्यायची नाही, पहिल्यापासून."

"अप्पा, तुम्ही जात होतात. मी काय करायला हवं होतं?"

"काही नाही गं. बरोबरच होतं."

शेवटचं बटण राहिलं होतं. माझ्याने ते लागेना.

"तुम्हाला एवढं दुखलं," मी म्हणाले. "तुम्ही ओरडलात तेव्हा माझा जीव गेला. एवढं दुखेल असं मला वाटलं नव्हतं."

अप्पांनी माझा हात बाजूला केला आणि बटण स्वतः लावलं.

"दुखून नव्हतो ओरडत," ते म्हणाले. "मी तिला थांब म्हणत होतो."

मग ते उठले, आणि बाहेर जाऊन बाकावर माझी वाट बघत बसले.